गजलक्ष्मीभोवतीची दोरी

समुद्र जिथे वळून खाडीत शिरतो, तिथे सुरंगवाडी नावाचे एक बंदर होते. बंदराच्या तोंडाशी राजाची सर्वांत मोठी लढाऊ नौका नांगरलेली असे. तिचे नाव गजलक्ष्मी. तिला तीन डोलकाठ्या होत्या, दोन्ही अंगांना बारा-बारा तोफा होत्या, आणि पुढच्या टोकाला लाकडात कोरलेले हत्तीचे डोके होते. ती उभी आहे तोवर कोणी शत्रू खाडीत शिरणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. सुरंगवाडीच्या आया तिच्या भरवशावर मुलांना खुशाल वाळूत खेळायला सोडत.

नौकेच्या प्रमुखाला तिकडे सारंग म्हणत. गजलक्ष्मीचा सारंग होता रवळोजी. माणूस शूर होता, मनाने चांगला होता, आणि नौकेवर त्याचा फार जीव होता. रोज सकाळी तो खांद्यावरच्या उपरण्याने त्या लाकडी हत्तीचे तोंड पुसायचा. सोंडेच्या वळणात मीठ साचते, ते बोटाने काढायचा. खलाशी मागे हसत. तो म्हणायचा, "हसा. तुमच्या घरी लेकरं आहेत, मला ही आहे."

गजलक्ष्मीवर आणखी एका माणसाचा असाच जीव होता. ती म्हणजे कोळीवाड्यातली म्हातारी बुधीबाय. नौका बांधली तेव्हा मधल्या डोलकाठीसाठी सरळ, उंच साग कुठे मिळत नव्हता. बुधीबायच्या परसात तसे एक झाड होते. तिच्या घरधन्याने ते लग्नाच्या वर्षी लावले होते. तो समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. बुधीबाय एक दिवस झाडाला टेकून बसली, आणि दुसऱ्या दिवशी तिने सुतारांना बोलावले. म्हणाली, "न्या. त्याला समुद्र आवडायचा. त्याचं झाड तरी समुद्रावर राहू दे."

तेव्हापासून गजलक्ष्मी ही कोळीवाड्याची लेक झाली. रोज पहाटे फटफटले की कोळ्यांच्या आठ-दहा होड्या मासे धरायला निघत. जाताना त्या नौकेला एक फेरी घालत. नौकेच्या एका बाजूला तिवरांच्या खारफुटीचे छोटे बेट होते. त्या बेटाच्या मागूनही एक वळसा होई. लेक सासरी सुखात आहे ना, हे बघून जावे तशीच ती रीत होती. शेवटी बुधीबाय नौकेच्या अंगावर तळहाताने थाप मारून विचारायची, "उठलीस का गं बाय?"

मग वरच्या तोफेच्या झरोक्यातून नौकेवर तोफा डागणारा हसन गोलंदाज दाढी बाहेर काढायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, "उठले गं आई! आज कोलंबी आणशील ना?"

सगळे हसायचे. होड्या पुढे जायच्या. हे रोज चाले.

पुढे काय झाले, राजाने गजलक्ष्मीला नव्या तोफा पाठवल्या. त्या जुन्या तोफांपेक्षा दुप्पट लांब आणि चौपट जड होत्या. त्या बसवायला झरोके उंच करावे लागले. सोबत निरोप आला की पौर्णिमेला राजा स्वतः नौका बघायला येणार आहे.

सारंगाला आनंद आवरेना. त्याने नौका घासून घेतली. तिला नवा रंग दिला. हत्तीच्या कपाळावर सोनेरी ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या आल्या. बुधीबायने थाप मारली. तिच्या हाताला कालच्या माशांचे खवले चिकटलेले होते. ओल्या रंगावर पाच बोटांचा ठसा उमटला, आणि त्यात खवले चमकू लागले. शेजारच्या होडीनेही नौकेला लांब ओरखडा काढला.

सारंग वरून ओरडला, "बाई, ही राजाची नौका आहे. मासळीबाजारातला ओटा नाही!"

बुधीबायने वर पाहिले. "अरे, रंग काय, पुन्हा लागंल की. तू कशाला एवढा लाल होतोस? तुलाबी रंग दिलाय का?"

खलाशी फिसकन हसले. त्या हसण्याने सारंगाचा राग आणखी वाढला. त्याच दिवशी त्याने एक जाड पांढरी दोरी मागवली. तिला वाळलेले भोपळे बांधून ती पाण्यावर तरंगती केली. नौकेपासून शंभर हातांवर तिचे मोठे कडे टाकले. एका बाजूला ते कडे तिवरांच्या बेटाला जाऊन टेकले होते. मग त्याने दवंडी पिटवली की परवानगीवाचून दोरीच्या आत जी होडी येईल, तिच्यावर तोफ डागली जाईल.

हसन गोलंदाजाला हे रुचले नाही. तो सारंगापेक्षा वयाने मोठा होता. त्याने एक सोललेला नारळ घेतला आणि कठड्यावरून खाली टाकला. नारळ नौकेपासून दहा-बारा हातांवर डुचमळत राहिला.

"सारंग, तुम्ही म्हणाल तर समोरच्या टेकडीवरचा दगड मी उडवून दाखवतो," हसन म्हणाला. "पण हा नारळ फोडा म्हणालात तर ते माझ्याच्यानं होणार नाही. या नव्या तोफांना मान खाली घालता येत नाही."

"हसनमियाँ, नारळाची कसली भीती?"

"नारळाची नाही. नारळाएवढ्या अंतरावर जो येईल, त्याची भीती. आजवर ते अंतर त्या होड्या राखत होत्या."

सारंग हसला. "एवढ्या जवळ येईल कोण? आपली पहिली तोफ वाजली की शत्रू वल्ही टाकून पळेल. आणि आपली राखण आता मासेवाल्या करणार?"

नारळ भरतीबरोबर वाहत बेटाकडे गेला.

दुसऱ्या पहाटे होड्या आल्या त्या दोरीपर्यंतच. बुधीबायने वल्हे आडवे धरून होडी थांबवली. थोडा वेळ ती डोलकाठीकडे बघत राहिली. मग थाप मारायला उचललेला हात तिने तसाच कपाळाला लावला, आणि ती निघून गेली. फेरी झाली नाही. बेटामागचा वळसाही झाला नाही. झरोक्यातून हसन कोणाला काही म्हणाला नाही. नौका फार स्वच्छ दिसत होती, आणि फार गप्प.

पौर्णिमा आली. राजा सकाळी नौकेवर चढला. वयाने तरुण होता, डोळ्यांनी चौकस होता. सारंगाने त्याला सगळे फिरून दाखवले. खलाशी नवी पागोटी बांधून रांगेत उभे होते. बंदुकवाले सलामीसाठी एका अंगाला सज्ज होते. सलामीच्या बंदुकांत नुसती दारू भरली होती, गोळी नव्हती.

दोरीच्या पलीकडे कोळ्यांच्या होड्याही थांबल्या होत्या. मासे धरून परत येताना त्यांना राजा बघायचा होता. कोणी होडीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. ओली जाळी अजून होड्यांतच होती.

राजाने विचारले, "ही माणसं लांब का उभी आहेत?"

"महाराज, शिस्त," सारंग म्हणाला. "शंभर हातांच्या आत चिटपाखरूही येत नाही. आणि त्यापलीकडे आपल्या तोफा आहेतच. गजलक्ष्मीला दुसऱ्या कोणाची गरज नाही."

मध्यान्ह झाली. वारा पडला. शिडे ओल्या धोतरांसारखी लोंबू लागली. भरती पुरती आली, आणि तिवरांच्या मुळांवर पाणी चढले.

त्याच वेळी बेटाच्या आडून एक लांब, अरुंद होडी सुळकन बाहेर आली. तिच्या मागे दुसरी. मग तिसरी. अशा सात होड्या. प्रत्येकीत दहा वल्हेकरी आणि पुढे पेटते पलिते घेतलेला एक माणूस. ते कासवबेटावरून लूटमार करणाऱ्या पुंडाचे लोक होते. गजलक्ष्मी जळाली तर बंदर उघडे पडणार, हे पुंडाला ठाऊक होते. त्याचे लोक पहाटेपासून तिवरांत दडून होते. रोजचा वळसा झाला असता, तर कोळ्यांनी त्यांना सूर्य उगवायच्या आत पाहिले असते.

"तोफा!" सारंग गरजला.

बारा तोफा एकदम कडाडल्या. नौका हादरली. धूर ओसरला, तेव्हा साती होड्या जशाच्या तशा पुढे येत होत्या. गोळे त्यांच्या डोक्यांवरून गेले होते, आणि पार दोरीपलीकडे कोळ्यांच्या होड्यांमध्ये पडले होते. तिथे पाण्याचे खांब उसळले. एक होडी कलंडता कलंडता वाचली. पुंडाचे लोक वर बघून दात काढून हसले.

"पुन्हा भरा!"

तोफा पुन्हा कडाडल्या. पुन्हा गोळे वरून गेले. आता होड्या नारळ पडला होता तिथवर आल्या होत्या. बंदुकवाले बंदुकांत गोळ्या भरू लागले, पण नौकेचा मागचा भाग पाण्यावर बाहेर झुकलेला होता. त्याच्याखाली शिरलेली माणसे वरून दिसतच नव्हती. वारा नव्हता, म्हणून नौकाही वळवता येत नव्हती. खालून धूर येऊ लागला. सुकाणूजवळच्या लाकडाला पलिता लागला होता.

राजा सारंगाकडे बघत होता.

एवढ्यात दोरीकडून हाक आली. म्हातारा पण खणखणीत आवाज.

"सारंगा! आत येऊ का रे?"

बुधीबाय होडीत उभी होती. तिच्या मागे नऊ होड्या होत्या. प्रत्येक दोन होड्यांच्या मध्ये एक जाळे धरलेले होते. त्यांची वल्ही पाण्यात तयार होती, पण एकही होडी दोरी ओलांडत नव्हती.

"येऊ का म्हणते! तुझी बंदी हाय. आणि तुझे गोळे आमच्याच टकुऱ्यावर पडतायत. ते थांबव, मग येते!"

हसन तोफेजवळ पलिता धरून उभा होता. तोफ भरलेली होती. तो म्हणाला, "सारंग, काय करू?"

रवळोजीने एकदा राजाकडे पाहिले. गजलक्ष्मीला दुसऱ्या कोणाची गरज नाही, असे तो याच राजाला सकाळी म्हणाला होता. साऱ्या खलाशांनी ते ऐकले होते. आता तोफा थांबवायच्या म्हणजे त्या कुचकामी ठरल्या, हे सगळ्यांसमोर मान्य करायचे. न थांबवाव्यात, तर गोळे त्या म्हातारीवर पडणार आणि नौका जळणार.

मग त्याला हत्ती दिसला. सोनेरी ठिपक्यावर धुराची काजळी बसत होती.

"हसनमियाँ, पलिता विझवा," तो म्हणाला. "एकही तोफ उडवू नका."

आणि तो कठड्यावरून पार कमरेपर्यंत वाकला. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "ये आई! चुकलो मी. लवकर ये, आपली लेक जळतेय!"

बुधीबाय पुढचे ऐकायला थांबलीच नाही. तिने कोयत्याने दोरी तोडली. भोपळे दोन्ही बाजूंना पांगले, आणि दहा होड्या आत घुसल्या.

कोळ्यांना त्या पाण्यातला प्रत्येक खडक पाठ होता. त्यांनी पुंडाच्या होड्यांना मासळीच्या थव्यासारखे दोन्ही अंगांनी घेरले आणि जाळी टाकली. वल्ही जाळ्यांत अडकली. जो वल्हे ओढी, तो जाळे आणखी गुंतवून घेई. एक होडी उलटली. दुसरी तिच्यावर आदळली. पुंडाचा एक धिप्पाड माणूस तलवारीने जाळे कापायला लागला. त्याला एका कोळणीने वल्ह्याचा असा तडाखा दिला, की तो तलवारीसकट पाण्यात गेला.

"कापतोस काय, मेल्या! आठ दिवस विणत होते!" ती ओरडली.

जाळ्यांत अडकून मागच्या भागाखालून बाहेर आलेल्या होड्यांवर वरून बंदुकवाल्यांना आता नेम सापडला. त्यांच्या गोळ्यांनी दोन होड्यांची फळी फुटली, आणि त्यातल्या माणसांनी हात वर केले.

बुधीबाय या गर्दीत कुठे दिसत नव्हती. ती सरळ नौकेच्या मागच्या भागाखाली गेली होती. तिथे सुकाणूजवळ जाळ हातभर चढला होता. तिने आपले ओले, जड जाळे उचलले, पण म्हाताऱ्या हातांनी ते वर पोचेना. तेवढ्यात वरून दोराला लटकून एक माणूस खाली आला. तो सारंग होता. त्याने जाळ्याचे टोक धरले, वर खेचले, आणि दोघांनी मिळून ते आगीवर पसरले. चर्र आवाज झाला. वाफ उठली. राहिलेल्या निखाऱ्यांवर सारंगाने आपले जरीचे पागोटे पाण्यात बुडवून दाबून धरले. ते काळे पडले, त्याचे हातही पोळले. आग विझली.

सारंग धापा टाकत तिच्या होडीत बसला.

"तुझं जाळं गेलं, आई."

"जाळं काय, विणता येतं," बुधीबाय म्हणाली. "झाड लावायला मात्र आता तो नाही." आणि तिने मान वर करून डोलकाठीकडे पाहिले. डोलकाठी धडधाकट उभी होती.

बाकीच्या कोळ्यांनी तोवर पुंडाच्या लोकांना जाळ्यांसकट ओढून होड्यांत घेतले होते. त्यातले काही अगदी कोवळे होते, खारे पाणी पिऊन बेजार झालेले. बुधीबाय एकाच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "आधी पाणी ओक, बाळा. कैद मग हो. घाई नाय."

राजाने बुधीबायला नौकेवर बोलावले. ती अनवाणी, ओली, खवल्यांचे हात पदराला पुसत उभी राहिली. सारंगाने पुढे होऊन राजापुढे मान खाली घातली.

"महाराज, सकाळी मी आपल्याला चुकीचं सांगितलं. या नौकेची राखण तोफा करत नव्हत्या. ही माणसं करत होती, रोज, न सांगता. मीच त्यांना हाकललं. शिक्षा द्यावी."

राजा म्हणाला, "पुंडाशी लढताना तुम्ही घाबरला नाहीत, हे तर मला अपेक्षितच होतं. पण सगळ्यांसमोर 'चुकलो' म्हणायलाही घाबरला नाहीत. असा सारंग मी घालवणार नाही. फक्त झरोके पुन्हा खाली घेऊन त्यांत बसतील अशा छोट्या तोफा लावा, आणि या होड्यांना राजाच्या आरमारात मानाची जागा द्या." मग तो बुधीबायकडे वळला. "आई, तुम्हांला काय देऊ?"

बुधीबायने विचार केला. "मागू खरंच?"

"मागा."

"ती दोरी द्या. भोपळ्यांची. लांब हाय, मजबूत हाय. सगळ्या वाड्याचे बोंबील वाळत घालता येतील तिच्यावर."

राजा खळखळून हसला. हसन हसला. सारंग तर इतका हसला, की पोळलेले हात पोटाला धरावे लागले.

दुसऱ्या दिवशी फटफटताच होड्या निघाल्या. नौकेला फेरी झाली, तिवरांच्या बेटामागून वळसा झाला. सगळीकडे ठीक आहे, असे पाहून बुधीबायने जळल्या जागी रात्रीच दिलेल्या ओल्या रंगावर खवल्यांच्या हाताने मनसोक्त थाप मारली.

"उठलीस का गं बाय?"

वरच्या झरोक्यात हसन तयारच होता. पण त्याच्या आधी कोणीतरी दुसऱ्याच झरोक्यातून डोके बाहेर काढले. दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. जाडाभरडा, लढाईत ओरडून बसलेला आवाज शक्य तेवढा बारीक करून रवळोजी सारंग म्हणाला,

"उठले गं आई! आणि वाकूनही बघते आहे!"

रंगावरचा तो पाच बोटांचा ठसा पुढे कोणी पुसला नाही. रोज सकाळी हत्तीचे तोंड पुसून झाले, की सारंग त्या ठशातले खवले मोजल्यासारखा थोडा वेळ तिथे थांबायचा, आणि मग कामाला लागायचा.

तात्पर्य: मोठ्यावर संकट येते ते बहुधा त्याच्या नजरेच्या खालून, आणि तिथली राखण लहान माणसेच करत असतात. म्हणून आपण कितीही मोठे झालो, तरी मायेने भोवती फिरणाऱ्यांना दूर लोटू नये. आणि लोटलेच, तर वाकून त्यांना परत बोलावण्यात कमीपणा मानू नये.